खुराडं गच्च बंद केलं आणि कोंबड्या शिंकायला लागल्या : निफाडच्या थंडीतलं एक प्रकरण

आमचं गाव निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या धरणापासून गाडीवर वीसेक मिनिटं. निफाडची थंडी काय असते ते पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना माहितीये, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा आला की राज्यभर बातमी होते. पण त्या बातमीत द्राक्षं असतात, गहू असतो, शेकोट्यांचे फोटो असतात, परसातल्या कोंबड्या कुठंच नसतात. म्हणून गेल्या डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे काय झालं ते सगळं लिहून ठेवतेय, आमच्या चुकांसकट. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते, कोंबड्या सासूबाईंच्या आहेत आणि आजारी पडल्या की माझ्या होतात.

आधी मांडणी सांगते म्हणजे पुढचं कळेल. एकूण २२ पक्षी, त्यात २० कोंबड्या आणि २ कोंबडे. बहुतेक गावरान, चार गिरिराज जातीच्या आणि एक कडकनाथ जी नवऱ्याने हौसेने आणली आणि जी कुणाशीच बोलत नाही. दिवसभर मोकळ्या फिरतात, रात्री खुराड्यात. खुराडं ८ बाय ६ फुटांचं, खाली दोन फूट विटांची भिंत, वर कोंबडीजाळी, त्यावर पत्रा. पत्रा आणि जाळी यांच्यामध्ये वीतभर उंचीची पट्टी आहे ती फळ्यांनी झाकलेली होती. खाली भाताचं तूस. लसी म्हणाल तर पिलं असताना लासोटा या राणीखेत रोगाच्या लसीचे थेंब दिलेले, त्याच रोगाची आठव्या आठवड्याची आर-टू-बी लस मात्र राहून गेलेली. आज देऊ, उद्या देऊ, कारण ती लस शंभर-शंभर डोसच्या बाटलीत येते आणि आमच्याकडे पक्षी बावीस, उरलेली फेकून द्यायला जीव होत नाही. हे कारण नाही, नुसतं काय झालं ते सांगतेय.

१८ डिसेंबरला बागेतल्या थर्मामीटरवर पहाटे ४.५ दिसलं. घरात सगळ्यांचं डोकं द्राक्षात. मण्यात पाणी उतरायची वेळ आणि एवढी थंडी पडली की मणी तडकतात, म्हणून रात्री दोन-तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, बोअरचं पाणी त्यातल्या त्यात कोमट असतं ते पहाटे ड्रिपने सोडायचं, हे सगळं चालू. त्यात आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "अगं माणसं स्वेटर घालून कुडकुडतायत, त्या मुक्या जीवांचं काय?" झालं. द्राक्षावर झाकायचं जुनं प्लास्टिक पडलेलं होतं ते आणलं आणि मी आणि नवऱ्याने खुराड्याच्या चारी बाजू झाकून टाकल्या, खाली विटा ठेवल्या, वर सुतळीने आवळलं. इतकं गच्च की आत टॉर्च लावला तर बाहेरून आकाशकंदील दिसावा. आम्हाला स्वतःचं कौतुक वाटलं. आईंनी तर संध्याकाळी घमेल्यात थोडे निखारे घालून आत ठेवले, ते मात्र मी अर्ध्या तासात बाहेर काढले कारण बंद जागेत निखाऱ्याचा धूर आणि तो बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड वायू माणसाला मारतो तिथं कोंबडीचं काय घेऊन बसलात.

पहिले पाच दिवस काहीच नाही. उलट सकाळी दार उघडलं की आतून गरम वाफ तोंडावर यायची आणि आम्ही खूष, वा, काय उबदार झालंय.

ती वाफ कसली होती ते नंतर कळलं. २३ तारखेला मी प्लास्टिकला आतून बोट लावलं तर थेंब ओघळला. सगळीकडे दव धरल्यासारखं पाणी, पत्र्याच्या खिळ्यांवरून टपटप खाली पडतंय. बोटाचा वास घेतला तर नाक झणझणलं, केसाच्या डायचं पाकीट फोडल्यावर येतो ना तसला वास. मी उभी असताना एवढा वास येत नव्हता, पण अंडी काढायला उकिडवी बसले आणि डोळ्यातून पाणी आलं. म्हणजे कोंबडी जिथं रात्रभर नाक ठेवून बसते तिथली हवा वेगळी आणि माझ्या नाकाच्या उंचीची वेगळी. २२ पक्षी रात्रभर श्वासातून वाफ सोडतात, शिटेतही बरंचसं पाणीच असतं, ते पाणी बाहेर जायला वाट नाही, तूस ओलं झालं की त्यातले जंतू शिटेतल्या युरिक ॲसिडचा अमोनिया करतात आणि तो अमोनिया श्वासनळीच्या आतले बारीक केस बधिर करतो, जे केस एरवी धूळ आणि जंतू बाहेर ढकलत असतात. दरवाजाच उघडा राहिल्यासारखं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तेव्हा मी काय केलं, तर चुना आणून टाकला. सगळेच टाकतात. ओल्या तुसावर चुना टाकला की जागा कोरडी दिसते खरी पण आतला अमोनिया एकदम सुटतो, त्या रात्री वास दुप्पट झाला. टाकायचाच असेल तर आधी ओलं काढून, जमीन खरवडून, पक्षी बाहेर असताना टाकायचा आणि वर नवीन तूस. मी पक्ष्यांच्या बुडाखाली टाकला.

२४ला सकाळी पहिली शिंक. कोंबडी शिंकते म्हणजे बारीक 'च्छिक' आणि मान झटकते, पोरगा हसायला लागला. शेवंता नावाची लाल कोंबडी, तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस. दुसऱ्या दिवशी चार जणी. तिसऱ्या दिवशी मी रात्री साडेनऊला टॉर्च बंद करून खुराड्याबाहेर नुसती उभी राहिले. हा उपाय मला आमच्या दूधवाल्याने सांगितला आणि तो सोन्यासारखा आहे. दिवसा गोंधळात काही कळत नाही, रात्री कोंबड्या गप्प असतात, तेव्हा छातीतली घरघर स्पष्ट ऐकू येते. मी मोजत होते. सात-आठ ठिकाणांहून घर्र घर्र, जुना हुक्का ओढल्यासारखा.

मग सुरू झाले गावातले उपाय. लासलगाव शेजारी असल्यामुळे इथं प्रत्येक आजारावर पहिलं औषध कांदा. आईंनी कांदा-लसूण ठेचून दाण्यात घातलं, कुणी आलं सांगितलं, कुणी तुळस. थोडं दिल्याने काही बिघडत नाही (कांदा मात्र जास्त झाला तर कोंबडीला बाधतो), पण त्याने जंतू मरत नाहीत आणि आपले दोन दिवस जातात, खरं नुकसान ते. मग मी जवळच्या एका औषधाच्या दुकानातून "कोंबडीच्या सर्दीची पावडर" आणली, कोणती, किती, का, काही न विचारता. दोन दिवस पाण्यात घातली. शिंका कमी झाल्यासारख्या वाटल्या म्हणून बंद केली. ही दुसरी घोडचूक, आणि ही चूक मी पोरांना शाळेत करू नका म्हणून सांगते.

२७ला शेवंता गेली. २९ला सकाळी एक गिरिराज.

इथं एक सांगायला हवं. दोन पक्षी मेले की आमच्या भागात प्रत्येकाच्या मनात एकच शब्द येतो आणि तो कुणी उच्चारत नाही. २००६ला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, जानेवारी २०२१ला परभणीच्या मुरुंब्यात सापडला, आणि आमच्या शेजारी तर नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा), हिवाळ्यात हजारो स्थलांतरित बदकं तिथं उतरतात. बदकं बघायला लोक पुण्या-मुंबईहून येतात आणि आम्ही त्याच पाण्याच्या कॅनॉलवर कोंबड्या सोडतो. त्यामुळे मेलेला पक्षी घरी चिरून बघायचा नाही, कुत्र्याला टाकायचा नाही, आणि लपवायचा तर अजिबात नाही. मी हातमोजे आणि मास्क लावून गिरिराज दोन पिशव्यांत घातली आणि शेजारच्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी पक्ष्याकडे न बघता आधी प्रश्न विचारले. एका दिवसात किती मेल्या? आजूबाजूच्या वस्तीवर मरतायत का? धरणावर मेलेली बदकं दिसली का? तुरा जांभळा झाला का, मान वाकडी होतेय का, शीट हिरवी आहे का? मान वाकडी आणि हिरवी हगवण म्हणजे राणीखेत, आमच्याकडे मानमोडी म्हणतात. चेहरा एकदम सुजून घाण वास येणं म्हणजे कोरायझा. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, हळूहळू वाढत गेलेलं, डोळ्यात फेस, रात्री घरघर. मोठा आकडा किंवा तसली लक्षणं असती तर नमुने आधी पुण्याला आणि तिथून भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले असते, म्हणाले. मग त्यांनी पक्षी उघडला आणि मला बोलावून दाखवलं. कोंबडीच्या पोटात हवेच्या पिशव्या असतात, निरोगी पक्ष्यात त्या इतक्या पातळ आणि आरपार की आहेत की नाहीत ते कळू नये, डबा झाकायच्या पातळ प्लास्टिकसारख्या. आमच्या गिरिराजच्या पिशव्या पांढुरक्या, जाड, आणि त्यात पिवळे दह्याचे गोळे लागल्यासारखं. "हे बघा मॅडम. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू, त्याने होणाऱ्या श्वासाच्या जुनाट आजाराला सीआरडी म्हणतो आम्ही. वरून ई-कोलाय हा दुसरा जंतू बसलाय. आणि हे बसलं का, तर तुमच्या खुराड्यात हवा नाही." मी प्लास्टिकबद्दल अजून बोललेसुद्धा नव्हते. माझ्या स्वेटरला वास येत होता म्हणे.

मी विचारलं, एवढ्या थंडीत उघडं ठेवू? तर त्यांचं उत्तर असं की कोंबडीचं अंगच ४१-४२ डिग्रीचं असतं, मोठ्या कोंबडीच्या अंगावर पिसांची गोधडी आहे, ती फुगवून बसली की चार-पाच डिग्री तिला काही करत नाही, अट एवढीच की ती कोरडी हवी, पोट भरलेलं हवं आणि थेट अंगावर वारं नको. पिलांचं गणित वेगळं, त्यांना पहिल्या आठवड्यात ३३-३५ डिग्री लागते. आजारी आणि जखमी पक्ष्याचंही वेगळं, त्याला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. पण धडधाकट कोंबडीला प्लास्टिकमध्ये कोंडायचं कारण नाही.

औषध दिलं टायलोसिन, पाण्यातून, पाच दिवस. डोस इथं लिहीत नाही, वजनावर आणि पाण्यावर ठरतो, तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण औषध 'पाण्यातून' या शब्दातच अर्धी गंमत आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी भांडं बघते तर औषधाचं पाणी तसंच. कोंबड्या कुठं पितायत, तर गाईच्या हौदावर, ड्रिपच्या नळीखालच्या डबक्यावर. थंडीत त्या तशाही पाणी कमी पितात, सकाळचं गार पाणी तर चोच लावून सोडून देतात. मग पाच दिवस सगळ्यांना दिवसभर आवारातल्या जाळीतच ठेवलं, हौद झाकला, रोज सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात ताजं औषध केलं. कोमट म्हणजे मनगटावर टाकून बघायचं, बाळाच्या दुधासारखं. मग भांडी रिकामी व्हायला लागली. अंडी त्या दिवसांतली आणि नंतर डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस सगळी खड्ड्यात, आईंचा जीव तुटत होता, पण शेजारी दिली नाहीत हे महत्त्वाचं.

ज्या सहा जणी जास्त आजारी होत्या त्या पडवीत वेगळ्या ठेवल्या. त्यांचं सगळं शेवटी करायचं, आधी निरोगींचं दाणापाणी मग आजाऱ्यांचं, आणि पडवीसाठी वेगळी चप्पल. ३१ला त्यातली एक गेली, आधीपासूनच हाडावर आली होती, छातीचं हाड चाकूसारखं हाताला लागायचं. बाकी पाच सुधारल्या. पण डॉक्टर स्पष्ट म्हणाले की मायकोप्लाझ्मा अंगात राहतो, बरी दिसणारी कोंबडीही तो बाळगते, अंड्यातून पिलातही जातो. म्हणून यंदा आम्ही या कळपाची अंडी उबवायला कुणाला दिली नाहीत, खुडूक बसलेल्या दोघींना तशाच उठवल्या. गावात एक-दोघांना राग आला.

आता खुराडं. २९लाच संध्याकाळी प्लास्टिक ओरबाडून काढलं. ओलं तूस सात घमेली निघालं, मुठीत दाबलं की लाडू होत होता. चांगलं तूस मूठ उघडली की सुटतं. जमीन खरवडली, दिवसभर ऊन दिलं, चार-पाच इंच कोरडं तूस. मग वारं आणि हवा यातला फरक मला समजला जो आधी समजत नव्हता: वारं खालून, बसायच्या दांडीच्या उंचीवर अंगाला लागतं ते अडवायचं, आणि हवा वरून, डोक्याच्या वर, पत्र्याखालून बाहेर जायला मोकळी ठेवायची. म्हणून उत्तर आणि पूर्वेकडून, जिकडून थंडी येते, दांडीच्या उंचीपर्यंत बारदान लावलं (गोणपाटातून हवा खेळते, प्लास्टिकसारखा थेंब येत नाही), आणि वरच्या पट्टीच्या फळ्या काढून टाकल्या. त्या वीतभर फटीला घाईघाईत शेडनेटचा तुकडा बांधला. संध्याकाळी झोपायच्या आधी मका आणि बाजरी पोटभर, कारण रात्रभर ते दाणे पचताना अंगाला ऊब देतात. चौथ्या दिवशी रात्री उभी राहून ऐकलं तर घरघर दोनच ठिकाणी.

शेडनेट म्हणजे काय, चार बोटांनी फाटतं. आमच्या घराच्या मागे ऊस आहे.

४ जानेवारी, पहाटे पावणेचार. लाईटची पाळी रात्रीची होती म्हणून नवरा बागेतच होता, त्याला आधी ऐकू आलं. मी पोचेपर्यंत तो काठी घेऊन खुराड्याजवळ आणि रानमांजर पत्र्यावरून उसात उडी मारून गेलेलं, मी फक्त शेपटीचा टोकाचा काळा भाग पाहिला. शेडनेट फाडून आत शिरलं होतं. आत कुणी मेलं नव्हतं. चंद्री, ठिपक्यांची गावरान, दांडीखाली कोपऱ्यात तोंड खुपसून.

उचलली तर हाताला चिकट लागलं. डाव्या पंखाखालून पाठीपर्यंत कातडं चार बोटं फाटून मागं गेलेलं, कोंबडीचं कातडं ओल्या कागदासारखं असतं, खालचं गुलाबी मांस उघडं, आणि खांद्यापाशी दाताची दोन बारीक भोकं. रक्त फार नव्हतं. मला भीती वाटली ती जखमेची नाही, तिच्या पायांची. पाय बर्फ. कोंबडीचे पाय एरवीही आपल्या हाताला गार लागतात पण हे असे नाहीत. तुरा पांढरा पडलेला, डोळे अर्धे मिटलेले, मान ढिली.

आई पाणी घेऊन आल्या, "घाल दोन घोट, घसा कोरडा पडला असेल." मी म्हटलं, आई, थांबा. गार पडलेल्या, बेशुद्धीच्या काठावरच्या कोंबडीच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं, कारण तिच्या जिभेच्या मागेच श्वासनळीचं भोक असतं, उघडं. आणि दाणा भरवला तर गळ्याखालच्या पिशवीत तसाच पडून आंबतो, अंग गार असताना ती पिशवी हलतच नाही. आधी ऊब, मग पाणी, मग दाणा. हा क्रम मी हातावर लिहून ठेवावा इतका मला आता पाठ आहे, कारण मागच्या वर्षी एक पिलू मी पाणी पाजूनच मारलं होतं.

द्राक्ष भरायचा पाच किलोचा खोका होता, त्यात जुना टॉवेल, पाण्याच्या दोन बाटल्यांत गरम पाणी भरून त्यांना नवऱ्याचे मोजे घातले आणि चंद्रीच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, अशा की तिला हवं तर सरकता यावं. वर अर्धं झाकण. बल्ब लावला असता पण एक तर लाईटचा भरवसा नाही, आणि हल्ली ६० वॅटचा तापणारा बल्ब मिळणं मुश्किल, एलईडीने उजेड पडतो पण ऊब येत नाही. शिवाय भुशात बल्ब पडून गोठे जळालेले ऐकलेत. बाटल्या दर तासाला बदलाव्या लागतात एवढाच त्रास. पाऊण तासाने तिने मान वर केली आणि शीट टाकली. त्या शिटेचा मला एवढा आनंद झाला.

मग पाणी, कोमट, कपभर पाण्यात अर्धा चमचा गूळ आणि मिठाची एक चिमूट, चोचीच्या कडेला थेंब-थेंब, ती स्वतः गिळतेय का बघत. उजाडल्यावर जखम. टॉवेलात गुंडाळून डोकं झाकलं की कोंबडी शांत होते. कडेची पिसं कात्रीने कापली, उपटायची नाहीत. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, २० एमएलच्या सिरिंजने धार मारून माती, पिसं, तूस सगळं धुवून काढलं, अर्धा लिटर तरी लागलं. मग बीटाडीन पाण्यात टाकून, फिक्क्या चहाच्या रंगाचं, त्याने पुसलं. शिवायची इच्छा झाली होती, पण घाण झालेली चाव्याची जखम बंद केली की आतल्या आत पू होतो, फाटलेलं कातडं नुसतं जागेवर ओढून ठेवलं. आईंना हळद लावायची होती. हळद मी एरवी नाही म्हणत नाही पण उघड्या मांसावर पूड टाकली की तिचा पापुद्रा होतो आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही, त्यावरून आमचं थोडं वाजलं.

दाताची भोकं मात्र घरी सोडवायची गोष्ट नाही. बाहेरून टाचणीएवढी दिसतात, आत खोल, आणि मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जंतू असतो जो पक्ष्याला दोन-तीन दिवसांत संपवतो. नऊ वाजता परत तेच डॉक्टर. त्यांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, पाच दिवस यायला सांगितलं, आणि खोका बघून म्हणाले, "एक्स्पोर्ट क्वालिटी दिसतेय." गावातले एकजण तिथंच बसले होते, त्यांनी विचारलं की एवढा खर्च करण्यापेक्षा रस्सा का नाही केला. इंजेक्शन दिलेल्या कोंबडीचा रस्सा करत नाहीत असं सांगून मी निघाले.

पुढचे दिवस कंटाळवाणे होते आणि तसेच असायला हवेत. सकाळ-संध्याकाळ धुणं, पुसणं. रोज सकाळी किचनच्या काट्यावर वजन: पहिल्या दिवशी १६४० ग्रॅम, पाचव्या दिवशी १४१०, तेव्हा मी घाबरले, मग थांबलं, आठव्या दिवसापासून चढायला लागलं. नुसतं बघून कळत नाही, पिसं फुगवून बसलेली कोंबडी नेहमी जाडच दिसते. खायला ज्वारीच्या कण्या गरम पाण्यात भिजवून आणि उकडलेलं अंडं कुस्करून. अंड्यावरून आई, "अगं स्वतःचंच?" मी म्हटलं पिलाला अंड्यातलंच पोसतं ना. त्यांना ते पटलं नाही पण रोज अंडं उकडून द्यायच्या त्याच. बाराव्या दिवशी खपली कडेने उचलली आणि खाली नवं कातडं, पाचव्या आठवड्यात त्यावर पिसांचे काळे काटे.

परत सोडणं मला वाटलं होतं त्याहून अवघड गेलं. कोंबड्यांना लाल दिसलं की त्या टोचतात, आणि पंधरा दिवस गायब असलेली बाई त्यांच्यासाठी परकीच. पहिल्यांदा दुपारी सोडली तर कडकनाथने, जी कुणाच्या अध्यात ना मध्यात, तिनेच पहिली चोच मारली. मग आठवडाभर डालग्याखाली, सगळ्यांच्या मध्ये, दिसतील पण पोचणार नाहीत अशी ठेवली, आणि नंतर एके रात्री अंधारात हळूच आत बसवली. सकाळी सगळ्या एकत्र उठल्या, थोडी ढकलाढकल, बस.

हिशोब असा. अर्धा इंची वेल्डमेश (तारेची मजबूत जाळी), वरच्या फटीला आणि दाराला, ११५० रुपये. तूस ४००. पाण्यातलं औषध ३८०. सिरिंज, बीटाडीन, गॉज २१०. एकूण २१४०, प्लास्टिक फुकट होतं. तीन पक्षी गेले, राहिले १९. फेब्रुवारीत सगळ्यांना आर-टू-बी दिलं, वस्तीवरच्या पाच घरांनी मिळून एक बाटली आणली आणि एका सकाळी सगळ्यांच्या कोंबड्या उरकल्या, हे आधी का सुचलं नाही माहीत नाही. नवीन वेल्डमेशवर रानमांजर दोनदा येऊन गेलं, तुसावर आणि पत्र्यावर पायाचे ठसे होते, बाहेरच.

चंद्रीचा डावा पंख पूर्ण उघडत नाही. वरच्या दांडीवर तिला उडी मारता येत नाही, म्हणून नवऱ्याने चार विटांची पायरी करून दिली. ती दांडीवर जात नाही, पायरीवरच झोपते, आणि गेल्या आठवड्यापासून ती कडकनाथही खाली तिच्या शेजारी येऊन बसायला लागलीय.